विश्लेषण : बंदुकीची दारू किती वर्षे टिकते? ‘जुनी म्हणजे निकामी’ हा समज का घातक ठरतो?

जानेवारी २०१३ मधली गोष्ट. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधले कर्मचारी अठराव्या शतकातल्या एका ब्रिटिश तोफेचा गंज काढत होते. ही तोफ अनेक वर्षे उद्यानात लोकांना पाहण्यासाठी ठेवलेली होती. सफाई करताना नळीच्या आत बोळा लागला, त्यामागे तोफेचा गोळा निघाला आणि गोळ्यामागे बंदुकीची दारू. पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकाला बोलवावे लागले. पथकाने सुमारे २८ औंस, म्हणजे जवळपास ८०० ग्रॅम काळी दारू बाहेर काढली. भरलेली तोफ इतकी वर्षे लोकांच्या नजरेसमोर उभी होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

आता दुसरे टोक. अमेरिकेत आज ठासणीच्या बंदुकीने शिकार करणारे बहुतेक लोक ही जुनी काळी दारू वापरतच नाहीत. ते तिचे आधुनिक पर्याय वापरतात. यातल्या काही पर्यायांचा डबा एकदा उघडला आणि दमट जागी राहिला, तर पुढच्या हंगामात बार नीट उडेल याची खात्री नसते.

एक दारू शतके टिकते आणि दुसरी एखाद-दोन पावसाळ्यांत दगा देऊ शकते, असे का? टंचाईच्या काळात लोकांनी भरून ठेवलेल्या डब्यांचे काय? आणि महाराष्ट्राने या प्रश्नाकडे का पाहावे? समजून घेऊ.

हा प्रश्न आताच का?

कारण गेल्या काही वर्षांत अमेरिकेत बंदुकीच्या दारूची साठेबाजी झाली. २०२० मध्ये कोविडच्या काळात तिथे बंदुका आणि काडतुसांची विक्रमी खरेदी झाली आणि दुकानांतले फडताळे रिकामे पडले. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘हॉजडन’ या कंपनीने लुईझियाना राज्यातला ‘गोएक्स’ हा काळ्या दारूचा कारखाना बंद करत असल्याचे जाहीर केले. देशातला या प्रकारचा हा जवळपास एकमेव मोठा कारखाना होता. खेळण्यातली रॉकेट बनवणाऱ्या ‘एस्टेस’ने २०२२ मध्ये तो विकत घेतला आणि पुढे उत्पादन पुन्हा सुरू झाले. पण मधल्या काळात मिळेल तो डबा उचलून ठेवण्याची सवय लोकांना लागली.

त्यात युक्रेन युद्धाची भर पडली. तोफगोळ्यांची मागणी वाढली की त्यांना लागणाऱ्या नायट्रोसेल्युलोजची मागणीही वाढते. हा पदार्थ कापसाच्या आखूड तंतूंपासून बनतो. मार्च २०२४ मध्ये युरोपीय आयोगाचे तेव्हाचे आयुक्त थिएरी ब्रेतों यांनी, दारूसाठी लागणारा हा विशिष्ट कापूस मुख्यतः चीनमधून येतो, याकडे लक्ष वेधले होते. त्याच सुमारास अमेरिकेतल्या ‘व्हिस्टा आउटडोअर’ने दारूच्या जागतिक टंचाईचा हवाला देत दरवाढ जाहीर केली.

टंचाई आली की लोक साठा करतात. साठा झाला की तो किती काळ टिकतो हा प्रश्न येतो. समाजमाध्यमांवर त्याची दोन ठाम उत्तरे फिरतात. एक, ‘दारू कधीच खराब होत नाही’. दुसरे, ‘जुनी दारू निकामी असते, तिची भीती नाही’. दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत आणि अर्धवट असल्यामुळेच धोक्याची आहेत.

काळी दारू इतकी कशी टिकते?

सोरा, गंधक आणि कोळसा या तिघांचे बारीक दळलेले मिश्रण म्हणजे काळी दारू. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. तो जळायला लागणारा ऑक्सिजन पुरवतो. कोळसा आणि गंधक हे जळण.

या तिन्ही पदार्थांचे वैशिष्ट्य असे, की कोरड्या जागी ते एकमेकांशेजारी वर्षानुवर्षे गुपचूप पडून राहतात. ठिणगी मिळेपर्यंत त्यांच्यात जवळपास काहीही घडत नाही. सोरा हे स्थिर क्षार आहे, गंधक हे मूलद्रव्य आहे आणि कोळसा तर पुरातत्त्वज्ञांना हजारो वर्षांपूर्वीच्या चुलीतही सापडतो. आपोआप कुजणारे किंवा आटणारे यात काही नाही.

तिचा खरा शत्रू एकच, पाणी. सोरा पाण्यात विरघळतो. ओल लागली की तो कणांतून बाहेर येतो आणि सुकताना वेगळा साका धरतो. मग दारू वाळवली तरी आधीचे एकजीव मिश्रण परत मिळत नाही. मात्र निव्वळ हवेतली वाफ शोषून पाणी होण्यासाठी शुद्ध सोऱ्याला ९० टक्क्यांहून जास्त आर्द्रता लागते. त्याच्या जातीतला स्वस्त सोडियम नायट्रेट मात्र सुमारे ७५ टक्के आर्द्रतेलाच पाणी धरू लागतो. म्हणूनच १८५७ मध्ये अमेरिकेत लामो द्यू पाँ यांनी सोडियम नायट्रेटची खाणकामाची दारू आणली, तेव्हा ओल रोखण्यासाठी तिच्या कणांवर ग्रॅफाइटचा लेप देण्याचा मार्ग काढला.

म्हणजे काळी दारू हवाबंद आणि कोरडी राहिली, तर तिचे आयुष्य माणसाच्या आयुष्याहून कितीतरी मोठे असते. लोखंडी गोळ्यात किंवा बुजवलेल्या तोफेत ती नेमकी अशीच राहते.

याचा पुरावा काय?

दुर्दैवाने, मृत्यू. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात यादवी युद्धातल्या वस्तूंचा एक जाणकार संग्राहक घराबाहेर नौदलाचा जुना तोफगोळा साफ करत होता. गोळ्याचा स्फोट झाला आणि तो जागीच ठार झाला. हे युद्ध १८६५ मध्ये संपले होते. म्हणजे सुमारे १४० वर्षांनंतर त्या दारूने आणखी एक बळी घेतला. त्या माणसाने आयुष्यात असे शेकडो गोळे हाताळले होते. अनुभवाने त्याला वाचवले नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये गेटिसबर्गच्या रणभूमीवर ‘लिटल राउंड टॉप’ या टेकडीजवळ पुरातत्त्वीय काम सुरू असताना असाच एक गोळा सापडला. १८६३ च्या लढाईतला हा गोळा जिवंत असल्याचे गृहीत धरून परिसर मोकळा करण्यात आला आणि लष्कराच्या पथकाने तो नेऊन नष्ट केला. जुन्या वस्तूकडे कसे पाहावे, याचा हा योग्य नमुना.

मग पर्यायांची गरजच का पडली?

इथे गोष्टीला वळण मिळते. हे पर्याय जास्त टिकावेत म्हणून जन्मलेच नाहीत. ते जन्मले साठवणुकीच्या नियमांमुळे.

काळी दारू फार सहज पेट घेते. एक ठिणगी पुरते. त्यामुळे अमेरिकेत ती विकणाऱ्या दुकानदाराला स्फोटकांचा परवाना आणि वेगळे कोठार लागते. खेळासाठी आणि जुन्या पद्धतीच्या बंदुकांसाठी ग्राहकाला ५० पौंडांपर्यंत सूट आहे, पण विक्रेत्याला नाही. त्यामुळे अनेक दुकानांनी काळी दारू ठेवणेच सोडले.

दुसरीकडे ठासणीच्या बंदुकांची हौस वाढत होती. कोकणातल्या वाचकाला ही बंदूक ओळखीची आहे. पिकावर येणारी रानडुकरे आणि माकडे हाकलण्यासाठी शेतकऱ्यांना शेतीसंरक्षणाचे परवाने मिळतात आणि त्यातल्या बऱ्याच बंदुका ठासणीच्या असतात. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गजाने ठासायची आणि मग बार काढायचा. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत अशा बंदुकांसाठी हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम असतो. म्हणून तिथे याची मोठी बाजारपेठ आहे.

या बाजारपेठेसाठी डॅन पॉलाक या संशोधकाने ‘पायरोडेक्स’ तयार केले आणि हॉजडन कंपनीने १९७६ मध्ये ते बाजारात आणले. ते काळ्या दारूइतकेच माप घालून वापरता येई, धूरही तसाच होई, पण पेट घ्यायला जास्त तापमान लागे. त्यामुळे वाहतूक आणि साठवणुकीचे नियम सौम्य झाले आणि साध्या दुकानातही ते ठेवता येऊ लागले. मात्र ‘तुलनेने सुरक्षित’ म्हणजे ‘सुरक्षित’ नव्हे, हे लगेच दिसले. जानेवारी १९७७ मध्ये वॉशिंग्टन राज्यात इसाक्वा इथल्या कारखान्यात स्फोट झाला. त्यात स्वतः पॉलाक आणि आणखी तिघे ठार झाले.

हा धडा पुन्हा एकदा मिळाला. १४ मे २०१० रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या कोलब्रूक इथे काळ्या दारूचा पर्याय बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट होऊन दोन कामगार मरण पावले. कामगार सुरक्षा यंत्रणेने १२ लाख डॉलरचा दंड सुचवला आणि २०१३ मध्ये कारखान्याचा मालक सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरला.

पर्याय लवकर का बिघडतात?

‘पर्याय’ हा एक शब्द असला तरी त्यामागे वेगवेगळी रसायने आहेत. त्यांचे म्हातारपणही वेगवेगळे. ढोबळमानाने तीन कुळे सांगता येतात.

पहिले कूळ काळ्या दारूच्या जवळचे. पायरोडेक्स यात येते. त्यात सोरा, गंधक, कोळसा आहेतच, शिवाय इतर घटकही आहेत. बंद डब्यात ते चांगले टिकते. पण काळ्या दारूपेक्षा पेटायला मुळातच अवघड असल्यामुळे थोडी ओलही जाणवते. जी ओल काळी दारू चालवून घेते, तीच इथे बार उशिरा उडायला पुरते.

दुसरे कूळ गंधकाला फाटा देणारे. २००० नंतर आलेले ‘ट्रिपल सेव्हन’ यातले. गंधकाचा वास नाही, नळी पाण्याने धुता येते आणि तेवढ्याच मापात जोरही जास्त. इतका, की काळ्या दारूच्या बरोबरीने चालवायचे तर माप १५ टक्क्यांनी कमी करा, असे उत्पादकच सांगतो. ‘अमेरिकन पायोनियर’सारखी काही उत्पादने तर ॲस्कॉर्बिक आम्लावर, म्हणजे आपल्या ओळखीच्या क जीवनसत्त्वावर आधारलेली आहेत. घरातली क जीवनसत्त्वाची गोळी उघडी राहिली तर काही दिवसांत तपकिरी होते, हे अनेकांनी पाहिले असेल. हवा आणि ओलावा मिळाला की हे आम्ल बदलू लागते. कोळसा हजारो वर्षे तसाच राहतो, सेंद्रिय आम्ल राहत नाही. डबा उघडल्यावर या कुळातली दारू लवकर वापरून टाकावी, गोळ्यांचे पाकीट अर्धवट ठेवू नये, असा सल्ला अनुभवी नेमबाज देतात तो यामुळेच.

तिसरे कूळ नायट्रोसेल्युलोजचे. २००८ मध्ये आलेले ‘ब्लॅकहॉर्न २०९’ यात मोडते. आधुनिक काडतुसांतल्या धूरविरहित दारूचे हे जवळचे नातलग. ते ओलावा फारसा धरत नाही, त्यामुळे दमट हवेत बाकीच्यांहून सरस ठरते. टंचाईच्या काळात लोकांनी हेच जास्त जपून ठेवले. पण नायट्रोसेल्युलोजचा स्वभाव काळ्या दारूच्या अगदी उलट आहे, आणि इथेच खरी मेख आहे.

नायट्रोसेल्युलोजचा धोका कोणता?

काळी दारू ठिणगीची वाट पाहत निपचित पडून राहते. नायट्रोसेल्युलोज मात्र आपोआप, अतिशय सावकाश विघटित होत राहते. विघटनातून आम्लधर्मी वायू निघतात. ते वायू विघटनाचा वेग वाढवतात आणि थोडी उष्णताही निर्माण होते. हे चक्र रोखण्यासाठी दारूत स्थिरक मिसळतात. डायफिनाइलअमाइन हा त्यातला सर्वांत जुना आणि परिचित. तो हे वायू टिपून घेतो. पण टिपता टिपता तो संपत जातो. स्थिरक संपला की दारूला लगाम राहत नाही. साठा मोठा असेल आणि उष्णता बाहेर पडायला वाट नसेल, तर ती स्वतःहून पेटते. ठिणगीचीही गरज नाही.

हे ज्ञान फार महागात मिळाले. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी पहिली यशस्वी धूरविरहित दारू बनवली. फ्रेंच नौदलाने ती युद्धनौकांवर भरली. मार्च १९०७ मध्ये तुलाँ बंदरात ‘इएना’ या युद्धनौकेवर स्फोट होऊन सुमारे १२० जण गेले. सप्टेंबर १९११ मध्ये त्याच बंदरात ‘लिबर्ते’ उडाली आणि सुमारे ३०० जण मृत्युमुखी पडले. संशयाची सुई कोठारातल्या बिघडलेल्या दारूकडेच वळली.

शंभर वर्षांनंतरही धडा पुसट झालेला दिसतो. २००९ मध्ये सायप्रसने इराणहून सीरियाकडे निघालेल्या जहाजावरचा दारूगोळा जप्त केला. त्याचे ९८ कंटेनर नौदलाच्या तळावर उघड्यावर, भूमध्य सागराच्या उन्हात दोन वर्षांहून जास्त काळ रचून ठेवले होते. ११ जुलै २०११ रोजी ते उडाले. १३ जण ठार झाले आणि बेटाला निम्म्याहून अधिक वीज पुरवणारे शेजारचे व्हासिलिकोस वीजकेंद्र उद्ध्वस्त झाले. तापमान जितके जास्त तितका विघटनाचा वेग जास्त, हा रसायनशास्त्राचा साधा नियम होता.

अमेरिकेतले उदाहरण तर गोएक्स कारखान्याच्या शेजारचेच. लुईझियानातल्या ‘कॅम्प मिंडेन’ या जुन्या लष्करी आवारात गोएक्स आहे. त्याच आवारात एका खासगी कंत्राटदाराकडे लष्कराची ‘एम ६’ नावाची जुनी दारू निकामी करण्याचे काम होते. १५ ऑक्टोबर २०१२ रोजी तिथले एक कोठार उडाले. तपासणीत दीड कोटी पौंड, म्हणजे जवळपास ६८ लाख किलो दारू नीट न ठेवलेली आढळली. काही तर उघड्यावर. शेजारचे डॉयलिन गाव काही दिवस रिकामे करावे लागले. उघड्यावर जाळायला नागरिकांनी विरोध केल्यावर ती बंदिस्त भट्टीत जाळण्यात आली आणि हे काम २०१७ मध्ये संपले. स्थिरक संपण्याआधी काम उरकणे, हीच सगळी घाई होती.

कमजोर दारूने काय बिघडते?

‘जोर कमी झाला तर बार कमी लागेल, एवढेच ना?’ असे अनेकांना वाटते. तसे नाही.

ओलसर दारू पेटायला वेळ घेते. घोडा दाबला, आवाज आला नाही, म्हणून माणूस बंदूक खाली घेतो किंवा नळीत डोकावतो आणि दोन-चार क्षणांनी बार उडतो. दुसरी शक्यता अशी, की जोर अपुरा पडून गोळी नळीत मध्येच अडकते. तिच्या मागे पुढचा बार भरला तर नळीच फुटू शकते. आणि जोर कमी पडून गोळी लागली, तर जनावर मरत नाही, जखमी होऊन जंगलात तडफडत राहते.

उलट चूकही घडते. जुन्या दारूने बार हलका लागतो म्हणून काही जण माप वाढवतात. मग नवा डबा उघडतात आणि तेच वाढीव माप घालतात. जोर तर पूर्ववत झालेला असतो. नळीवर येणारा दाब मात्र बंदुकीच्या क्षमतेपलीकडे जाऊ शकतो.

म्हणून दारू ‘किती टिकते’ याचे वर्षांतले एकच उत्तर देता येत नाही. कोणत्या कुळातली, डबा उघडला कधी, ठेवला कुठे, या तीन प्रश्नांवर ते ठरते. ‘पाच वर्षे चालते’ किंवा ‘कायम चालते’ असे छातीठोकपणे सांगणारी पोस्ट या तिन्हींपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मागत नसेल, तर तिच्यावर विसंबू नये.

साठवणुकीचे शहाणपण काय सांगते?

उत्पादक आणि सुरक्षा संस्थांच्या सूचनांचा गाभा साधा आहे. दारू मूळ डब्यातच ठेवावी. त्या डब्यावर नाव असते, तुकडीचा क्रमांक असतो आणि आग लागल्यास दाब साठू न देता तो फाटेल अशी त्याची रचना असते. काचेच्या बरणीत किंवा दुसऱ्या दारूच्या रिकाम्या डब्यात ती कधीही ओतू नये. दोन दारू दिसायला सारख्या असतात आणि नाव विसरले की माप चुकते.

जागा थंड, कोरडी आणि तापमान फारसे न बदलणारी असावी. पत्र्याखालचा माळा, बंद गाडी, भट्टीची किंवा गिझरची खोली या सर्वांत वाईट जागा. डबा उघडल्याची तारीख वर लिहून ठेवावी आणि झाकण लगेच बंद करावे.

जाड लोखंडी तिजोरीत ठेवली की दारू सुरक्षित, हा आणखी एक गैरसमज. मोकळ्या जागी जी दारू भडकून जळते, तीच बंदिस्त पोलादात स्फोट करते. त्यामुळे अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या मानकात घरातल्या मोठ्या साठ्यासाठी किमान एक इंच जाडीची लाकडी पेटी सांगितलेली आहे. सिलिका जेलची पुडी टाकण्याचा उपायही सरसकट लागू नाही. धूरविरहित दारू गरजेपेक्षा जास्त सुकली, तर ती अधिक वेगाने जळू शकते.

बिघाडाची लक्षणेही ठरलेली आहेत. काळ्या दारूत आणि तिच्या जवळच्या पर्यायांत गठ्ठे होणे, रंग बदलणे, पांढरट क्षार वर येणे. नायट्रोसेल्युलोजच्या दारूत नाकाला झोंबणारा आंबट वास, तांबूस धूर, गंजासारखी लाल भुकटी, झाकणाच्या आतल्या बाजूला गंज. ही लक्षणे दिसली तर चाचणी म्हणून एक बार काढून पाहणे, चुलीवर किंवा ओव्हनमध्ये वाळवणे, गटारात किंवा कचऱ्यात टाकणे, यातले काहीही करू नये. स्थानिक पोलीस किंवा अग्निशमन दलाला कळवावे. अनेक घरांत हा प्रश्न आजोबा गेल्यावर, त्यांची खोली आवरताना उभा राहतो. डब्यावर नाव-तारीख असेल तर पुढच्या पिढीचे काम सोपे होते.

महाराष्ट्राचा काय संबंध?

या भूमीला दारूकोठारे नवी नाहीत. सिंहगडावर पुणे दरवाजातून वर आलेला प्रत्येक पर्यटक दगडी दारूकोठार पाहतो. १७५१ मध्ये या कोठारावर वीज पडली आणि गडावरच्या फडणिसांचे घर माणसांसह उद्ध्वस्त झाल्याची नोंद सांगितली जाते. जाड भिंती, उंचावरची कोरडी जागा आणि वस्तीपासून अंतर ही कोठाराची तीन सूत्रे गडकऱ्यांनाही माहीत होती. पावसाळ्यात ढगांत बुडणाऱ्या सह्याद्रीत दारू कोरडी ठेवणे हेच अर्धे युद्ध होते.

आजही देशातल्या स्फोटकांच्या साठवणुकीवर देखरेख करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. आणि जुना दारूगोळा काय करू शकतो हे वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावने दोनदा भोगले आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथल्या लष्करी भांडारात आग लागून स्फोट झाले. त्यात अधिकाऱ्यांसह किमान १६ जणांचा बळी गेला. सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक पाझरत असल्याची बाब नंतर समोर आली. २० नोव्हेंबर २०१८ रोजी भांडाराजवळच्या मैदानात जुनी स्फोटके नष्ट करताना पुन्हा स्फोट झाला आणि सहा जण मरण पावले. त्यात आसपासच्या गावांतून मजुरीला आलेले लोक होते.

सुरुंगातले स्फोटक आणि शिकारीची दारू या वेगळ्या गोष्टी आहेत. पण माणसे दोन्हीकडे एकाच ठिकाणी चुकतात. वस्तू जुनी झाली की तिच्याबद्दलची भीतीही जुनी होते. जी नवी असताना कुलपात होती, ती जुनी झाल्यावर अंगणात येते.

थोडक्यात

काळी दारू कोरडी राहिली तर शतकानंतरही उडते. तिचे पर्याय डबा उघडल्यावर ओलाव्याने कमजोर होतात, कुणी लवकर, कुणी उशिरा. नायट्रोसेल्युलोजवर आधारलेली दारू ओल सहन करते, पण उष्णतेत आणि काळाच्या ओघात स्वतःच अस्थिर होऊ शकते. जोर कमी होणे आणि धोका कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादी दारू पहिल्या अर्थाने म्हातारी झाली, म्हणून दुसऱ्या अर्थाने निरुपद्रवी होत नाही.

कोकणातल्या परवानाधारक शेतकऱ्याने आर्द्रतेने भरलेल्या चार महिन्यांनंतर बंदूक हातात घेताना हे लक्षात ठेवावे. गड चढणाऱ्या तरुणाला झुडपात किंवा टाक्यातल्या गाळात जुना तोफगोळा दिसला, तर त्याने तो उचलून फोटो काढू नये, खरवडू नये, घरी आणू नये. जागा लक्षात ठेवावी, दूर व्हावे आणि पोलीस किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावे. गोळा भरीव दगडाचा किंवा लोखंडाचा निघाला, तर नुकसान काहीच नाही. पोकळ निघाला, तर तो किती वर्षांचा आहे याने काही फरक पडत नाही.